पत्नीचे नाव वगळण्यापूर्वी : गृहकर्ज देणाऱ्यांस एक अनावृत पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्हा येथील बँका आणि गृहवित्त कंपन्या यांच्या कर्जविभागांतील अधिकारी वर्ग यांस,



आपल्यापैकी बहुतेकांशी माझा परिचय नाही, आणि ज्या थोड्यांशी आहे त्यांच्या सौजन्याविषयी मला काडीमात्र तक्रार नाही. नाशिकरोड येथील एका शाळेत अध्यापनात आयुष्य घालवून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका आहे. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली आता संसारी झाल्या आहेत, आणि भाड्याच्या दोन खोल्या सोडून पाथर्डी फाट्याला, आडगावच्या बाजूस किंवा सिडकोच्या पलीकडे स्वतःचे घर घेण्याची उमेद बाळगून आहेत. बँकेचे इंग्रजी कागद समोर आले म्हणजे त्यांतील काहीजणी ते वाचून घेण्यासाठी आजही माझ्याकडे येतात. या कागदांच्या निमित्ताने एक वाक्य माझ्या कानांवर इतक्यांदा पडले, आणि ते दर वेळी इतक्या सहजपणे उच्चारले गेले असल्याचे समजले, की त्याविषयी आपणांस जाहीरपणे लिहिणे हे मला कर्तव्य वाटू लागले. ते वाक्य असे : ‘मॅडमचं सिबिल कमी आहे, त्यांचं नाव काढून टाका, तुमचं एकट्याचं कर्ज लगेच होऊन जाईल.’

हे वाक्य बोलणारा अधिकारी वा त्याच्या वतीने फिरणारा दलाल दुष्ट नसतो. अडलेली फाइल पुढे सरकावी, समोरच्या जोडप्याची निकड भागावी आणि महिनाअखेरीचे आपले उद्दिष्टही पुरे व्हावे एवढाच त्याचा हेतू असतो, हे मी जाणते. परंतु या वाक्याचा परिणाम कोठवर जातो याचा विचार आपण कधी केला आहे काय? मिळकतीत ज्यांचे नाव असेल त्या सर्वांनी कर्जातही सहअर्जदार असलेच पाहिजे, असा बहुतेक बँकांचा दंडक आहे. तारणाच्या सुरक्षिततेसाठी तो योग्यही असेल. पण त्याची उलट बाजू अशी, की कर्जाच्या अर्जातून जिचे नाव गेले तिचे नाव साठेखतातून जाते, साठेखतातून गेले म्हणजे खरेदीखतातून जाते, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेल्यावर, वीस वर्षे ज्या घराचा हप्ता तिच्याही कष्टांतून भरला जाणार आहे, त्या घरावर तिचा लेखी मालकी हक्क शून्य ठरतो. जो निर्णय पती-पत्नींनी घरी शांतपणे बसून, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावयाचा, तो आपल्या टेबलापाशी, चहाचा कप संपण्याच्या आत, एका तीन अंकी आकड्याच्या आधारे होऊन जातो.

आणि हे नाशिक जिल्ह्यात घडावे याचे मला अधिक दुःख आहे. याच जिल्ह्यातील चांदवड येथे 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते आणि गावोगावच्या हजारो कष्टकरी स्त्रिया तेथे आपल्या हक्कांची भाषा बोलल्या होत्या; पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करून दिला. राज्य शासनाने 2003 साली ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती आणि पत्नी या दोघांच्या नावे करण्याचे धोरण स्वीकारले. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने दुर्बल घटकांतील कुटुंबांसाठी घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावे असा आग्रह धरला. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून केवळ स्त्रीच्या नावे निवासी मिळकतीची खरेदी झाल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. म्हणजे चाळीस लाखांच्या सदनिकेवर चाळीस हजार रुपये वाचतात. हे घर पंधरा वर्षे पुरुषास विकता येणार नाही, अशी जी अट प्रारंभी होती, तीही 2023 मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्यापैकी काही बँका तर स्त्री अर्जदारास व्याजदरात 0.05 टक्क्याची सूट देतात आणि तिचे हसरे छायाचित्र शाखेच्या दर्शनी काचेवर लावतात. शासनाने आणि समाजधुरीणांनी चार दशके जे दार उघडे राहावे म्हणून यत्न केले, ते आपल्या दालनात एका वाक्याने लावले जाते, हे माझे पहिले आणि सर्वांत मोठे गाऱ्हाणे आहे.

पतगुणांक ही कल्पनाच त्याज्य आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. बँकेचा पैसा हा ठेवीदाराचा पैसा आहे आणि तो परत येईल की नाही याची शहानिशा करणे हा आपला धर्मच आहे. पूर्वी ही शहानिशा कशी होत असे हे माझ्या पिढीने पाहिले आहे : आडनाव कोणते, वाडा कोणाचा, संचालकांपैकी कोणाची ओळख आहे, पुढाऱ्याची चिठ्ठी आणली आहे काय, यावर माणसाची पत ठरे, आणि ओळखपाळख नसलेल्या गरिबाला पतपेढीच्या पायऱ्याच चढू देत नसत. 2000 साली मुंबईत सिबिलची स्थापना झाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा आला, आणि आज सिबिलसह एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपणा सर्वांकडून माहिती घेऊन प्रत्येक ऋणकोचा इतिहास सांभाळतात. त्यावरून निघणारा 300 ते 900 पर्यंतचा गुणांक जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही, आणि तो देणाऱ्याला अर्जदाराचे तोंडही पाहावे लागत नाही. मोलमजुरी करणाऱ्या बाईला न्याय मिळण्याची शक्यता जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत तत्त्वतः कितीतरी अधिक आहे, हे मी मनापासून मानते. माझे भांडण आकड्याशी नाही. आकडा कशाचा आहे हे न पाहता तो माणसाच्या सचोटीचा मानला जातो, त्याच्याशी आहे.

पत्नीच्या सचोटीचा किती भाग त्या आकड्यात येतो ते पाहा. घरातले विजेचे देयक, मुलांची फी, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता, पतसंस्थेतून काढलेले आणि बिनचूक फेडलेले छोटे कर्ज, हे सारे वर्षानुवर्षे तीच सांभाळीत असते. यांपैकी वीजदेयक, फी, उधारी आणि भिशी यांची दखल पत-अहवाल घेत नाही, आणि सहकारी पतसंस्था या 2005 च्या कायद्यातील कर्जदात्या संस्थांच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे त्यांच्याकडील परतफेडही सामान्यतः तेथे उमटत नाही. ज्या नाशिक जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, तेथे याचा अर्थ असा होतो, की आयुष्यभर एकही हप्ता न चुकवलेली स्त्री आपल्या पडद्यावर ‘उणे एक’ म्हणून उमटते. हा उणे एक म्हणजे वाईट शेरा नव्हे. तिच्याविषयी काही ठाऊक नाही एवढीच त्याची कबुली आहे. रिझर्व्ह बँकेने आपल्या 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत स्पष्ट केले आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतील उत्तरात त्याचा पुनरुच्चार केला आहे, की प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही या सबबीवर फेटाळला जाऊ नये, आणि कर्जासाठी अमुक इतका किमान गुणांक हवाच असे बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेले नाही. हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक माहीत असले पाहिजे. मग ‘इतिहास नाही’ आणि ‘इतिहास वाईट आहे’ या दोन भिन्न गोष्टी आपल्या तोंडी एकच होऊन ‘सिबिल कमी आहे’ असे का बाहेर पडते?

आता नावाचा घोळ सांगते, कारण याचा जाच केवळ स्त्रीलाच होतो. आपल्याकडे मुलगी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव घेऊन शाळा शिकते, नोकरीला लागते आणि पॅन काढते. लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, आणि काही घरांत ताटातील तांदळांवर अंगठीने लिहून तिचे पहिले नावही बदलले जाते. आधार नव्या नावाचे, पॅन जुन्या नावाचे, बचत खाते एकात आणि बचत गटाची वही दुसऱ्यात, अशी तिची कागदोपत्री दोन-तीन शकले होतात. परिणाम असा, की लग्नापूर्वी तिने फेडलेल्या दुचाकीच्या कर्जाचे श्रेय एका नोंदीत पडून राहते आणि अर्जासोबतचा अहवाल दुसऱ्याच, कोऱ्या नोंदीचा निघतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, त्याच नावा-आडनावाच्या कोणा परक्या बाईची थकबाकी हिच्या माथी येते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अहवालात असेच, तिने कधी न पाहिलेल्या गावातील एका वित्तकंपनीचे कर्ज थकलेले दिसत होते. ती चूक दुरुस्त झाली, पण तोवर तिने घरासाठी दिलेल्या इसाराची मुदत टळून गेली होती. जी दुरुस्ती आधी सुचवली असती तर फारसा त्रास न होता पार पडली असती, तिच्यासाठी त्या कुटुंबाला हाती आलेले घर सोडावे लागले. अर्ज घेताना ‘लग्नापूर्वीचे नाव काय होते, पॅन कोणत्या नावाचे आहे’ एवढे दोन प्रश्न विचारणे कोणत्याही शाखेस अवघड नाही.

दुसरा प्रकार जामिनाचा. आपल्या भागात सहकाराची परंपरा मोठी, आणि सहकाराबरोबर जामीनदारीचीही. दिराच्या ट्रॅक्टरसाठी, नणदेच्या यजमानांच्या दुकानासाठी, सासऱ्यांच्या द्राक्षबागेतील लोखंडी मांडवासाठी जामीनदार हवा असला म्हणजे घरातील सुनेला सही करण्यास सांगितले जाते, आणि ती करते; त्या वेळी नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य तिला किती असते हे आपण सर्व जाणतो. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात अवकाळी पाऊस वा गारपीट झाली, लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा वा टोमॅटोचा भाव कोसळला, म्हणजे मूळ कर्जदाराचे हप्ते थकतात. आणि बँकेच्या कर्जास दिलेली हमी जामीनदाराच्याही अहवालात दिसत असल्यामुळे, जिला त्या पैशातील एक रुपयाही मिळालेला नाही तिचे नाव काळवंडते. पीककर्जासाठी बँकांनी सिबिलचा आग्रह धरू नये, असे मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बजावले आहे, आणि शेतकऱ्याच्या बाजूने ते योग्यच झाले. परंतु त्याच शेतकऱ्याची सून शहरात घर घेऊ पाहते तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. कर्जमाफीच्या आशेने हप्ते थांबविण्याचा सल्ला देणारेही त्या वेळी जवळ फिरकत नाहीत. माझी विनंती अशी आहे, की जामीनदार म्हणून सही घेताना, ‘या कर्जाची थकबाकी तुमच्या स्वतःच्या अहवालात दिसेल आणि पुढे तुमच्या गृहकर्जास ती आड येईल’ हे वाक्य त्या स्त्रीस मराठीत, तिच्या तोंडावर आणि शक्य तर घरच्या मंडळींच्या गैरहजेरीत सांगितले जावे.

तिसरा प्रकार लहान रकमांचा आहे आणि तो सर्वांत अधिक जीव जाळतो. मोबाइल, शीतकपाट, शिवणयंत्र हप्त्याने घेतले जाते. दुकानात बसलेला वित्तकंपनीचा प्रतिनिधी पत्नीच्या पॅनवर कागद करतो, कारण पतीची मर्यादा आधीच संपलेली असते. शेवटच्या हप्त्यात काही किरकोळ आकार राहून जातो, त्याचा तगादा बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहतो, आणि अहवालात मात्र विलंबाचे दिवस महिन्यामागून महिने वाढत जातात. मग कधीतरी वसुलीचा मनुष्य येऊन ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ म्हणतो, बाई सुटल्याच्या आनंदात पैसे देते, आणि खात्यासमोर ‘बंद’ असे न येता ‘तडजोड’ असा शेरा येतो, जो पुढे कितीतरी वर्षे गृहकर्जाच्या वाटेत उभा राहतो. पतमाहिती कंपन्या माहिती किमान सात वर्षे जपतात हे तिला कोणीच सांगितलेले नसते. तडजोड आणि पूर्ण परतफेड यांतील भेद, पैसे घेण्यापूर्वी, लेखी समजावून देणे ही वसुलीस जाणाऱ्याची जबाबदारी मानली पाहिजे. आणि पुढे तिने उरलेली रक्कम भरण्याची तयारी दाखविल्यास ती स्वीकारून, नाहरकत दाखला देऊन, शेरा बदलून घेणे ही आपली.

येथवर तक्रारी झाल्या. आता जे ज्ञान आपल्यापाशी आहे आणि समोरच्या जोडप्यापाशी नाही, ते आपण वेळेवर द्यावे यासाठीची विनवणी करते. गृहकर्जाची चौकशी करण्यास जोडपे प्रथम येते तेव्हा त्याला बहुधा सदनिका पसंत पडलेली नसते, इसार दिलेला नसतो, हाती सहा-आठ महिने असतात. तीच वेळ पत्नीचा गुणांक सुधारण्याची असते. परंतु त्या वेळी आपण केवळ पगाराची पावती आणि हप्त्याचे कोष्टक पाहता, आणि गुणांक पाहता तो साठेखत झाल्यावर, जेव्हा मागे फिरण्यास जागा उरत नाही. कायद्याने नोंदणीकृत साठेखतापूर्वी बांधकाम व्यावसायिकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही खरी, पण चाळीस लाखांचे दहा टक्के म्हणजेही चार लाख, आणि मध्यमवर्गीय घरात ते बहुधा तिचे दागिने मोडूनच उभे राहिलेले असतात. म्हणून पहिल्याच भेटीत, दोघांनीही आपापला पत-अहवाल काढून पाहावा असे आपण सांगावे. चारही कंपन्यांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल, गुणांकासह, दर वर्षी विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. लग्नाने दोघांच्या नोंदी एकत्र होत नाहीत, पतीचे आठशे पत्नीच्या उपयोगी पडत नाहीत, ही साधी गोष्टदेखील कितीतरी सुशिक्षित घरांत ठाऊक नसते.

पतीच्या क्रेडिट कार्डावर पत्नीसाठी पुरवणी कार्ड काढले म्हणजे तिची पत तयार होते, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्या देशात त्या खर्चाची आणि परतफेडीची नोंद सामान्यतः मूळ कार्डधारकाच्याच नावे होते, सबब तिला त्याचा लाभ नाही. जिच्यापाशी इतिहासच नाही तिने आपल्या नावे एक छोटी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर स्वतःचे कार्ड घ्यावे, त्यावर किराण्यासारखा नेहमीचा खर्च मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत करावा, आणि देय तारखेपूर्वी संपूर्ण रक्कम भरावी. किमान रक्कम भरून भागविल्यास व्याज चढत जाते आणि ऋणही वाढत जाते. सुमारे सहा महिन्यांत तिच्या नावे गुणांक दिसू लागतो. 1 जानेवारी 2025 पासून कर्जसंस्थांनी निदान दर पंधरवड्यास माहिती पाठविणे आवश्यक झाले असल्यामुळे, केलेल्या सुधारणेचे प्रतिबिंब पूर्वीसारखे महिना-दीड महिना रखडत नाही. बचत गटातील स्त्रियांनी आपला अहवाल मुद्दाम पाहावा, कारण गटांतील सभासदांची वैयक्तिक माहिती टप्प्याटप्प्याने पाठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना 2016 सालीच दिला आहे, आणि सूक्ष्म वित्तसंस्थांचे गटकर्ज तर तिच्या नावावर नोंदलेले असतेच. त्यांतून चांगला इतिहास आधीच तयार झालेला असू शकतो.

या उलट, ज्या गोष्टी करू नयेत त्याही सांगावयास हव्यात, आणि येथे आपल्यापैकी काहींना माझे शब्द कटू वाटतील. एकच फाइल चार-पाच संस्थांकडे एकाच आठवड्यात टाकणारे दलाल आपल्याच मान्यतेने वावरतात; प्रत्येक ठिकाणी चौकशीची नोंद होते आणि कर्जासाठी वणवण करणारी व्यक्ती अशी तिची प्रतिमा उभी राहून गुणांक आणखी घसरतो. गुणांक वाढविण्याचा उपाय म्हणून, गरज नसताना चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेण्यास तिला भरीस घातले जाते, हा तर उघड अन्याय आहे. शिवाय शहराच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर ‘सिबिल वाढवून मिळेल’ अशा जाहिराती झळकत आहेत. खरी नोंद पैसे घेऊन कोणीही पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पतमाहिती कंपनी पैसे मागत नाही, असा एक फलक आपण आपल्या शाखेत मराठीत लावलात, तर पुष्कळ कुटुंबांचे हजारो रुपये वाचतील.

आता नकाराविषयी. अर्ज नामंजूर झाल्यास त्याची प्रमुख कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने 2003 च्या उचित व्यवहार संहितेत लहान कर्जांसाठी घातला आणि 2007 साली तो सर्व प्रकारच्या कर्जांना लागू केला. 2005 च्या कायद्याच्या कलम 21 अन्वये, आपण ज्या अहवालाच्या आधारे निर्णय केला त्याची प्रत मागण्याचा अधिकार अर्जदारास आहे. असे असताना, माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी एकीच्याही हाती मी कारणांचे पत्र पाहिलेले नाही. त्यांना मिळाले ते तोंडी उत्तर, आणि तेही बहुधा पतीकडे पाहून दिलेले. पती-पत्नी दोघे अर्जदार असता आपली संस्था मुख्य अर्जदाराचा गुणांक धरते, की दोघांतील कमी असलेला धरते, याबाबत संस्थेसंस्थेत फरक आहे, आणि तो असण्यास हरकतही नाही. पण आपला नियम काय आहे हे अर्जाच्या पहिल्या पानावर छापा. कारण कमी गुणांक धरल्याने व्याजदर चढला, तर पैशांत फरक केवढा पडतो ते पाहा : तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 26,035 रुपये येतो, नऊ टक्क्यांनी घेतले तर सुमारे 26,990, महिन्याला साडेनऊशे रुपयांचा हा फरक अखेरपर्यंत सुमारे 2 लाख 30 हजारांवर जातो. एवढा भुर्दंड सोसून पत्नीचे नाव ठेवावे, की सहा महिने थांबून गुणांक सुधारून घ्यावा, की पतीच्या एकट्याच्या नावे घर घ्यावे, हे तिन्ही पर्याय आकड्यांसह त्या दोघांपुढे ठेवणे हे आपले काम आहे. निवड त्यांची असू द्या. आपण तिसराच तेवढा पुढे करता, ही माझी तक्रार आहे.

चुकीच्या नोंदीबाबतही आपल्या उत्तराचा नमुना ठरलेला आहे : ‘ते सिबिलचं काम आहे, आमचं नाही.’ हे बरोबर नाही. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ज्या संस्थेने ती पाठविली तिची संमती लागते, म्हणजे चेंडू शेवटी आपल्याकडेच येतो. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई तक्रारदारास देण्याचे बंधन 26 एप्रिल 2024 पासून अमलात आहे, आणि त्यात आपल्या संस्थेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवावयाची आहे. 2022 च्या सप्टेंबरपासून पतमाहिती कंपन्याही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास तेथे विनामूल्य तक्रार करता येते. या तरतुदींची माहिती माझ्याकडे येणाऱ्या एकाही जोडप्यास कर्जविभागाकडून मिळाली नव्हती. रुपयांची भरपाई हा येथे मुद्दाच नाही. ज्या घराचा इसार बुडाला त्याला दिवसाचे शंभर रुपये काय पुरणार? मुद्दा आहे तो, वेळेवर चूक मान्य करून वेळेवर दुरुस्त करण्याचा.

हे पत्र आपणांस उद्देशून असले तरी ते घरोघरचे यजमानही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी लिहिते. आपल्या नावे कर्ज मिळत नाही म्हणून पत्नीच्या पॅनवर घेतलेला प्रत्येक हप्ता हा तिच्या विश्वासावर काढलेला उसना पैसा आहे, तो आधी फेडा. भावासाठी तिला जामीनदार करण्यापूर्वी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका. तिच्या नावे एक स्वतंत्र बँक खाते, एक छोटी ठेव आणि तिचा मोबाइल क्रमांक जोडलेली नोंद असू द्या, म्हणजे कोणी तिचा अहवाल पाहिला तर त्याची सूचना तिलाच मिळेल. आणि कर्जाधिकाऱ्याने नाव काढण्यास सुचविले, तर त्याला दुसरे दोन पर्याय विचारल्यावाचून उठू नका.

अधिकारी महाशय, आणि हल्ली आपल्या शाखांत ज्या मोठ्या संख्येने काम करीत आहेत त्या अधिकारी भगिनींनो, आपल्या हातून हे कार्य होण्यास कोणत्याही नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या आठवड्यात जे जोडपे आपल्यासमोर येऊन बसेल, त्यातील पत्नीशी तिच्याकडे पाहून बोला. तिचा अहवाल तिच्या हातात द्या. त्यातील कोणती नोंद आड येते ते मराठीत लिहून द्या. सहा महिन्यांत काय सुधारता येईल ते सांगा, आणि पुन्हा यावयाची तारीख त्याच कागदावर घालून त्याखाली आपली सही करा. तिचे नाव वगळण्याची सूचना आपण यापुढे कोणत्याही अर्जदारास स्वतःहून करू नये, एवढीच आपणांपाशी माझी कळकळीची मागणी आहे.



आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
नाशिकरोड